पहिल्या रांगेतल्या आईपर्यंत काय पोहोचले नाही

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या महिला मंडळात गेली तीन वर्षे १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने, तज्ज्ञांचे व्याख्यान होते, सभागृह भरते आणि लोक प्रश्नही विचारतात. यंदा दिवाळीच्या फराळाला एका सभासद भगिनींकडे गेल्यावर आपल्याला समजले, की त्यांचा २२ वर्षांचा मुलगा आठ महिन्यांपासून खोलीतून फारसा बाहेर पडत नाही, जेवणाचे ताट दाराशी ठेवावे लागते आणि त्याला अद्याप कोणत्याही डॉक्टरांना दाखवलेले नाही. याच बाई तिन्ही व्याख्यानांना पहिल्या रांगेत होत्या आणि यंदाचे आभारप्रदर्शनही त्यांनीच केले होते. आमचे कुठे चुकले आणि जागृती करायची तरी कशी, असे आपण विचारता. ग्वाल्हेरमध्ये मी सव्वीस वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि अशी व्याख्याने मीही पुष्कळ दिली आहेत. तेव्हा या चुकीत माझाही वाटा आहे असे समजूनच लिहिते.

प्रथम, जे मला सांगता येणार नाही ते. त्या मुलाला मी पाहिलेले नाही. या वयात खोलीत कोंडून घेण्यामागे नैराश्य असू शकते, मनात घर करून बसलेला संशय किंवा कानी येणारे आवाज असू शकतात, मंत्रचळ, म्हणजे तोच विचार किंवा तीच कृती पुन्हा पुन्हा होणे, असू शकतो, चारचौघांत जाण्याची पराकोटीची भीती असू शकते, नशा असू शकते आणि थायरॉइडच्या बिघाडासारखे शारीरिक कारणही त्यात भर घालत असू शकते. चार ओळी वाचून कोणी निदान सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नका. एवढे मात्र निश्चित, की बहुतेक गंभीर मनोविकार पौगंडावस्थेत किंवा ऐन विशीतच डोके वर काढतात, आणि उपचारांविना गेलेला काळ जितका लांबतो तितके पुढचे सावरणे अवघड होत जाते. म्हणून आपल्या प्रश्नातला ‘आठ महिने’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपण विचारता जागृतीबद्दल, पण त्या आईला माहिती कमी होती असे मला वाटत नाही. ‘डिप्रेशन’ हा शब्द तिला ठाऊक होता, तो आजार आहे हेही ठाऊक होते आणि त्यावर उपचार असतात हेही तिने तीनदा ऐकले होते. तिला दोन गोष्टी जमल्या नाहीत. सभागृहात ऐकलेला आजार आणि आपल्या माडीवरच्या खोलीतला मुलगा यांची सांगड तिला घालता आली नाही, आणि कदाचित नंतर ती घातली गेलीही असेल, पण मग पुढचे पाऊल कोणाच्याही नजरेत न येता कसे टाकायचे हे तिला कळले नाही.

सांगड का बसत नाही, हे पाहण्यासाठी आपल्या व्याख्यानांतली चित्रे आठवा. दोन्ही हातांत डोके धरून बसलेली, डोळ्यांत पाणी असलेली व्यक्ती आपण पडद्यावर दाखवतो. घरात दिसते ते निराळेच असते. मुलगा रात्रभर जागतो आणि दुपारी दोनला उठतो. आंघोळ आधी दिवसाआड आणि मग आठवड्याने होते. मित्राचा फोन वाजत राहतो आणि हा उचलत नाही. साध्या विचारण्यावर अंगावर येतो. खिडकी बंद ठेवतो, जेवणाकडे संशयाने पाहतो, एकटाच पुटपुटतो किंवा हसतो. यांतल्या एकाही गोष्टीला घरात आजाराचे नाव मिळत नाही. त्याला स्पर्धा परीक्षेचा ताण, मोबाइलचे वेड, आळस, बापाच्या लाडाने बिघडणे किंवा कोणाची तरी दृष्ट असे म्हणतात, आणि जे नाव दिले जाते त्याप्रमाणेच उपाय ठरतो. आळस असेल तर बोलणी, दृष्ट असेल तर मीठमोहऱ्या. आई मूर्ख नसते. तिच्याकडे त्या वागण्याची तयार नावे होती आणि आम्ही व्याख्यात्यांनी दिलेले नाव त्या वागण्याला चिकटवून दाखवलेच नव्हते. म्हणून आता मी आजारांची यादी सांगत नाही. झोप, आंघोळ, जेवण, मित्र आणि अभ्यास किंवा काम या पाच गोष्टी विचारते आणि सांगते, की यांतल्या दोन-तीन एकदम बदलल्या आणि दोनतीन आठवडे तशाच राहिल्या, तर कारण शोधत न बसता दाखवून घ्या.

आकडेही मी आता कमी सांगते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि त्यांत आपला मध्य प्रदेश होता. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी एखादा मनोविकार असल्याचे त्यात आढळले, आणि आजार असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. आकडे खरे आहेत आणि ते धोरण आखणाऱ्यांना हवेतच. परंतु दोनशे जणींच्या सभागृहात ‘यांतल्या वीसएक जणी’ असे म्हटले, की प्रत्येकीला उरलेल्या एकशे ऐंशींत बसण्याची सोय होते.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या कुटुंबाला मी दोन प्रश्न विचारते. वागणे प्रथम केव्हा बदलले, आणि आजच का आलात? पहिल्याचे उत्तर बहुधा महिन्यांत, कधी वर्षांत येते. मधल्या काळाचा रस्ताही साधारण ठरलेला असतो. आधी मावशी-आत्यांचा सल्ला, मग पत्रिका आणि साडेसाती, मग बाधा उतरवून घेण्यासाठी राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीची वारी, मग ओळखीचे डॉक्टर आणि त्यांनी दिलेली झोपेची गोळी, मग ‘नसांचे’ डॉक्टर, कारण नस दुखणे अब्रूला बाधत नाही, आणि सरतेशेवटी मी. या रस्त्याला मी हसत नाही. ज्याला जे दार माहीत असते तो ते ठोठावतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला शिकवून गेले. व्याख्यान ऐकले म्हणून आलो, असे क्वचितच कोणी सांगते. ‘आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, आम्हीही तिथेच जातो’, हे उत्तर पुन्हा पुन्हा मिळते. व्याख्यानाने जमीन नांगरली जात असेल, ते मी नाकारत नाही. पण उंबरठा ओलांडला जातो तो ओळखीच्या माणसाच्या एका वाक्याने.

आपल्या शहरापुरती एक आणखी अडचण आहे आणि तिच्यावर थोडे थांबावेसे वाटते. पुण्यात जसे ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात आणि मुंबईत ठाण्याचे नाव घेतात, तसे आपल्याकडे आरोग्यशाळेचे नाव घेतले जाते. ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा शिंदे संस्थानाच्या काळात, १९३५ साली सुरू झाली. तिला ‘आरोग्यशाळा’ हे नाव ज्याने दिले असेल त्याची जाण मोठी होती, कारण त्यात वेडाचा उल्लेखही नाही. तरी बोलता बोलता त्या नावाचा धाक झाला आणि मस्ती करणाऱ्या मुलांना तो दाखवला जाऊ लागला. जुन्या पिढीच्या भीतीला आधार नव्हता असेही नाही. देशातल्या अशा संस्थांची स्थिती इतकी चिंतेची होती, की सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवले. ज्या सासूबाईंनी तो काळ पाहिला आहे त्यांना ‘घाबरण्यासारखे काही नसते’ असे सांगणे म्हणजे त्यांनी पाहिलेले खोटे ठरवणे आहे. त्यांना काय बदलले ते सांगावे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे उपचार करण्यास त्याने बंदी केली आहे, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देण्याचे बंधन घातले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो. बहुतेक रुग्णांना भरती करण्याची वेळच येत नाही, हेही त्यांना सांगावे, कारण पुष्कळ कुटुंबांच्या मनात मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे आणि कायमचे आत जाणे यांत अंतरच नसते.

दुसरी अडचण आपल्या मराठी समाजाची. येथे आपण मोजकी घरे आहोत. गोठीतल्या, म्हणजे आपल्या जुन्या मराठी वस्तीतल्या, एका घरात कुकरची शिट्टी झाली तर पलीकडच्या घरी आज वरणभात असल्याचे कळते, आणि कोणाची सोयरीक कुठे चालू आहे हे तर त्याआधी कळते. ज्या सभागृहात आपल्या धाकट्या मुलीला सून करून घेऊ शकतील अशा तीन बायका बसल्या आहेत, तेथे त्या आईने हात वर करून ‘माझ्या घरी असे आहे’ म्हणावे, ही अपेक्षाच चुकीची होती. पुण्या-मुंबईच्या गर्दीत माणसाला अनोळखी राहता येते. आपल्याला ती सोय नाही.

ही गोष्ट मी माझ्याच चुकीतून शिकले. बरीच वर्षे झाली. कीर्तनाच्या रचनेवरून मला एक कल्पना सुचली होती. आपल्याकडे ढोलीबुवांच्या मठामुळे हरिकथा घराघरांत ठाऊक आहे आणि तानसेन समारोहाचा आरंभही तिनेच होतो. पूर्वरंगात निरूपण असते, उत्तररंगात आख्यान, आणि श्रोते घरी नेतात ते आख्यान. मला वाटले, आम्ही डॉक्टर मंडळी नुसता पूर्वरंग करून उतरतो. प्रौढांच्या बाबतीत माहितीपेक्षा बऱ्या झालेल्या माणसाची प्रत्यक्ष भेट पूर्वग्रह अधिक कमी करते, असे अभ्यासांतही दिसले आहे. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मात्र माहितीच अधिक उपयोगी ठरलेली आढळते. म्हणून मी माझ्या एका बऱ्या झालेल्या रुग्णाला व्यासपीठावर बोलावले. तो आनंदाने आला, उत्तम बोलला, लोकांचे डोळे पाणावले. दोन आठवड्यांनी त्याच्या बहिणीचे जमत आलेले लग्न मोडले. कारण कोणी सांगितले नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती. त्याने मला दोष दिला नाही, पण त्याने होकार दिला होता तो स्वतःपुरता, बहिणीच्या वतीने नव्हे, हे मी विचारात घ्यायला हवे होते. तेव्हापासून मी स्थानिक रुग्णाला स्थानिक व्यासपीठावर नेत नाही. बोलवायचेच असेल तर इंदूरहून किंवा झाशीहून कोणाला बोलवावे, आणि त्याच्या घरच्यांना विचारून.

येथवरचे थोडक्यात सांगायचे, तर आईला चिन्हे ओळखता यावीत यासाठी सर्वांसमोर बोलणे उपयोगी आहे, पण तिला पुढचे पाऊल टाकता यावे यासाठी ते उपयोगी नाही. त्या दुसऱ्या कामासाठी आपल्याकडे एक चांगले साधन आहे आणि त्याचा या दृष्टीने विचार झालेला नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या मंडळाचे आणि घरोघरचे हळदीकुंकू असेल. वाण म्हणून स्टीलची वाटी किंवा गाळणे द्याल, त्यातच एक हातभर नव्हे, बोटभर लांबीचे कार्ड ठेवा. त्यावर वर सांगितलेल्या पाच गोष्टी असाव्यात आणि खाली १४४१६ हा क्रमांक असावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती चोवीस तास चालते आणि हिंदीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. वाणाचा गुण असा, की ते प्रत्येकीला मिळते. कार्ड सर्वांच्याच पिशवीत आहे म्हटल्यावर ते कोणी का घेतले हा प्रश्न उरत नाही. भाषण, ध्वनिक्षेपक, दीपप्रज्वलन काही नको. हवे तर तिळगूळ देताना एवढेच म्हणा, की कार्ड टाकून देऊ नका, कोणाला ना कोणाला लागते.

पहिल्या भेटीत काय होते, हेही त्याच कार्डाच्या मागे चार वाक्यांत लिहिता येईल, कारण लोकांना आजारापेक्षा त्या दाराआड काय होईल याची भीती अधिक असते. पाऊण तासभर बोलणे होते, बहुतेक वेळा रक्ताच्या एक-दोन तपासण्या सांगितल्या जातात, औषध दिलेच जाते असे नाही. दिले तर नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. मनाने बंद केल्यास आजार उलटू शकतो. त्यांची सवय लागते ही समजूत झोपेच्या गोळ्यांवरून आली आहे. त्या गोळ्यांची सवय खरोखरच लागते, आणि गंमत अशी, की त्याच गोळ्या लोक वर्षानुवर्षे विनातक्रार घेत असतात.

आता त्या घराबद्दल. मंडळाचे शिष्टमंडळ करून कृपा करून जाऊ नका. जिच्यावर त्या बाईंचा विश्वास आहे अशी एकच जण जाऊ दे, तीही पदाधिकारी म्हणून नव्हे. ‘आजार’, ‘डिप्रेशन’, ‘उपचार’ हे शब्द पहिल्या दहा मिनिटांत काढू नयेत. मुलगा झोपतो केव्हा, जेवतो किती, असे विचारावे आणि मग त्या बाई स्वतः केव्हा झोपतात तेही विचारावे. आठ महिने दाराशी ताट ठेवणाऱ्या आईला हे कोणीही विचारलेले नसते. ‘मन खंबीर करा’, ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ ही वाक्ये टाळावीत, कारण मन खंबीर करण्याची शक्तीच ज्या आजारात जाते तेथे ते सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला सांगणे होय. मुलगा मरणाबद्दल काही बोलतो का, हे मात्र आडवळण न घेता विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला एकटे ठेवू नये, घरातली औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात न्यावे. मग सोयरीक, अब्रू, मुहूर्त काहीही मध्ये आणू नये.

होकार नसेल आणि मुलगा यायलाच तयार नसेल, तर पुष्कळ कुटुंबे येथे अडकून बसतात. ‘तो येतच नाही, मग आम्ही काय करणार?’ अशा वेळी आईवडिलांनी एकट्याने यावे. माझ्याकडच्या कितीतरी उपचारांची सुरुवात रुग्णाच्या रिकाम्या खुर्चीसमोर झाली आहे. त्याच्याशी कसे बोलावे, काय बोलू नये, घरी जाऊन भेटणे किंवा व्हिडिओवर बोलणे शक्य आहे का, हे तेव्हा ठरवता येते. फक्त ‘चहात घालता येईल असे काही द्या’ ही मागणी मी सहसा मान्य करत नाही. जेवणावर आधीच संशय असलेल्या मुलाला एक दिवस ते कळते, आणि मग त्याचा संशय खरा ठरवणारे आपणच असतो.

शेवटी आपण विचारले आहे, की संक्रांतीच्या कार्यक्रमातही आभारप्रदर्शन याच बाईंकडे आहे, तर त्यांच्यावर भार नको म्हणून ते दुसऱ्या कोणाकडे द्यावे का. त्यांनी स्वतः सांगितल्याखेरीज देऊ नका. काम काढून घेतले, की सर्वांना कळले आहे हे त्यांना त्याच क्षणी समजेल आणि पुढच्या वेळी दार तुमच्यासाठीही उघडणार नाही. आणि भेटायला जायचे ते संक्रांतीची वाट पाहून नव्हे, याच आठवड्यात जा. दुपारची वेळ बरी. मुलगा तेव्हा झोपलेला असेल आणि आईला मोकळेपणाने बोलता येईल.